तीन वाद्ये, एक वादक

बाखने स्वतःच्याच रचना निरनिराळ्या वाद्यांसाठी अनेकदा नव्याने मांडल्या. त्यांपैकी एका मांडणीचा विचार आम्ही येथे करीत आहोत. ६ जून १७२३ रोजी लायप्झिग येथे त्याचा ७६ क्रमांकाचा कंटाटा प्रथम सादर झाला. १९ व्या स्तोत्राच्या शब्दांनी आरंभ होणाऱ्या या कृतीच्या उत्तरार्धात, म्हणजे प्रवचनानंतर, प्रथम एक छोटी वाद्यरचना येते. तिच्यात ओबो दामोरे, व्हिओला द गांबा आणि साथीचा खर्ज एवढीच वाद्ये आहेत. हीच रचना १७३० च्या सुमारास ऑर्गनच्या चौथ्या ट्रायो सोनाटात पहिल्या खंडाच्या रूपाने अवतरली.

येथे नुसती नक्कल भागत नाही. दोन हात पट्ट्यांच्या दोन वेगळ्या ओळींवर आणि खर्ज पायांखाली, अशी ही वाटणी आहे. दोन्ही सुरावटी एकमेकींना ओलांडतात. एकाच ओळीवर वाजविल्यास कोणती कोठे गेली हे कानाला उमगणार नाही. प्रत्येक ओळीला निराळ्या नळ्या जोडल्या की गुंता सुटतो. मुळात खर्जावर साथीदार ऐनवेळी स्वरसंघ भरीत असे. ऑर्गनवर त्यासाठी हातच उरत नाही. बाखने तो भराव सोडून दिला, आणि आमच्या मते मांडणीचे खरे यश तेथेच आहे. आता तिन्ही धारा आडोशाशिवाय ऐकू येतात.

मात्र सारेच साधले असे आम्ही म्हणणार नाही. ओबोवादक एकच स्वर श्वासाने फुलवितो. आपल्या पेटीवरही भात्याने आवाज चढविता-उतरविता येतो. ऑर्गनची पट्टी हलके दाबा वा जोराने, नळीचा आवाज तेवढाच. त्यामुळे आरंभीचा संथ भाग काहीसा कोरडा वाटतो. बोट केव्हा उचलावे, एवढेच वादकाच्या हाती राहते. काही वादक ही उणीव झाकण्यासाठी नळ्यांचे संच वाढवीत जातात. ते आम्हांस मान्य नाही. त्या गदारोळात बिचारा गांबाचा सूर बुडून जातो. पुढच्या द्रुत भागात मात्र ऑर्गन मुळाशी सहज बरोबरी करतो.

हे सोनाटा बाखने थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्या तालमीसाठी रचले, असे १८०२ साली त्याचा चरित्रकार फोर्केल याने लिहिले आहे. प्रवचनानंतर भाविकांनी ऐकलेले संगीत असे घरच्या शिकवणीत आले. दोन्ही रूपे ध्वनिमुद्रित आहेत. वाचकांनी आधी कंटाटातील ऐकावे. मग ऑर्गन ऐकताना ओबो मनात गात राहतो का, ते पाहावे.