बीटीआरएफएस फाइल सिस्टीममधील बहु-डिस्क जागावाटप : एक चिकित्सा

क्रिस मेसन यांनी ओरॅकलमध्ये २००७ साली विकसित करावयास घेतलेली ‘बीटीआरएफएस’ ही फाइल सिस्टीम २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत समाविष्ट झाली. जुना मजकूर जागच्या जागी न बदलता नवी प्रत अन्यत्र लिहावयाची, अर्थात ‘कॉपी-ऑन-राइट’, हे तिचे मूलतत्त्व होय. निरनिराळ्या क्षमतेच्या डिस्क एकत्र जोडण्याची तिची सोय, बेताच्या निधीत संगणक कक्ष चालविणाऱ्या महाविद्यालयांना आकर्षक वाटावी अशीच आहे. मात्र या सोयीमागील जागावाटपातील दोष गौण म्हणता येत नाहीत.

पहिला दोष नावातच आहे. ‘रेड-१’ म्हटले की जितक्या डिस्क तितक्या प्रती, ही लिनक्समधील जुनी पद्धत. येथे डिस्क कितीही असोत, प्रती दोनच. एक टेराबाइटच्या तीन डिस्क जोडल्यास दीड टेराबाइट जागा मिळते खरी. पण दोन डिस्क एकदम निकामी झाल्यास डेटा वाचत नाही. तीन व चार प्रतींची सोय २०२० मध्ये, ५.५ या आवृत्तीत, वेगळ्या नावांनी आली.

वाटप सामान्यतः एक गिगाबाइटच्या खंडांनी होते व प्रत्येक खंडासाठी सर्वाधिक मोकळ्या डिस्क निवडल्या जातात. निवडीचा निकष केवळ मोकळी जागा हाच. त्यामुळे ‘रेड-१०’मध्येही डिस्कच्या जोड्या कायम राहतील याची शाश्वती नसते, हमी एकाच डिस्कच्या बिघाडापुरती उरते.

याहून गंभीर बाब अशी, की प्रत्येक खंड डेटासाठी वा मेटाडेटासाठी आधीच राखला जातो. सर्व जागा डेटाच्या खंडांत वाटली गेली आणि मेटाडेटाचे खंड भरले, की डेटाचे खंड आतून अर्धे रिकामे असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. उपाय ‘बॅलन्स’चा, परंतु खंडांची फेरमांडणी करावयासही मोकळी जागा लागते! पूर्ण रिकामे खंड आपोआप मुक्त करण्याची व्यवस्था २०१४ मध्ये ३.१८ या आवृत्तीत झाली. अर्धवट भरलेल्या खंडांना तिचा उपयोग नाही.

दोन डिस्कच्या ‘रेड-१’मधील एक डिस्क बिघडल्यावर उरलेल्या डिस्कवर लेखन चालू ठेवल्यास नवे खंड एकेरी प्रतीचे तयार होतात. २०१७ मधील ४.१४ या आवृत्तीपूर्वी अशी फाइल सिस्टीम पुढच्या खेपेस केवळ वाचनासाठीच उघडत असे. प्रत्येक खंडाची स्वतंत्र तपासणी सुरू झाल्यावर ही अडचण दूर झाली. तथापि नवी डिस्क बसविल्यानंतरही ते एकेरी खंड आपोआप दुहेरी होत नाहीत. रूपांतराचा आदेश व्यवस्थापकालाच द्यावा लागतो, आणि तो राहून गेल्यास तेवढ्या डेटाची दुसरी प्रत कोठेच नसते.