‘तिआनमेन डायरी’ : खिडकीतला साक्षीदार

हॅरिसन सॉल्सबरी या अमेरिकन पत्रकाराचे ‘तिआनमेन डायरी : थर्टीन डेज इन जून’ हे पुस्तक घटनेच्याच वर्षी, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. चिनी प्रजासत्ताकाच्या चाळिशीनिमित्त जपानी दूरचित्रवाणीसाठी माहितीपट करण्यास ते बीजिंगला आले होते. वय ८०. हू याओबांग यांच्या १५ एप्रिलच्या निधनानंतर विद्यार्थी चौकात जमत होते. २० मेपासून शहरात लष्करी कायदा होता. ३ जूनच्या रात्री सैन्य गोळीबार करीत शिरले, तेव्हा सॉल्सबरी चांगआन मार्गावरील बीजिंग हॉटेलात होते.

हे हॉटेल चौकाच्या पूर्वेस आहे. गोळीबाराचे बहुसंख्य बळी मात्र पश्चिमेकडील रस्त्यांवर पडले. म्हणजे हत्याकांडाचा मोठा भाग या खिडकीतून दिसणे शक्यच नव्हते. मृतांचा आकडा या रोजनिशीत शोधू नये. सरकार सुमारे ३०० म्हणाले, इतरांचे अंदाज काही हजारांपर्यंत गेले. उद्या काय होणार हे ठाऊक नसलेल्या माणसाची घालमेल मात्र येथे तारीखवार सापडते. नंतरच्या व्यवस्थित इतिहासांत ती उरत नाही.

शिवाय हा साक्षीदार चीनचा वैरी नव्हता. लाल सैन्याच्या १९३४-३५ च्या महाकूचाचा मार्ग त्यांनी १९८४ मध्ये स्वतः पालथा घातला आणि पुढच्याच वर्षी त्यावर ग्रंथ लिहिला. ज्या सैन्याच्या शौर्याची कथा त्यांनी जगाला सांगितली, त्याच्याच बंदुका राजधानीतील नागरिकांवर चाललेल्या त्यांना नोंदवाव्या लागल्या. या साक्षीचे वजन त्यामुळे वाढते.

उर्दूच्या अभ्यासकाला येथे गालिबचा ‘दस्तंबू’ आठवल्यावाचून राहत नाही. १८५७ च्या दिल्लीचा तो फारसी रोजनामचाही घरात अडकून पडलेल्या माणसाचाच. पण १८५८ मध्ये तो छापला गेला तेव्हा कवीची नजर इंग्रजांकडून मिळणाऱ्या पेन्शनवर होती, आणि त्याच्या उर्दू पत्रांतली दिल्ली या पुस्तकातल्या दिल्लीहून बरीच वेगळी आहे. सॉल्सबरींना चिनी सत्तेची अशी मनधरणी करायची नव्हती. त्यांच्या घाईत कच्चेपणा आहे, काही ठिकाणी ऐकीव गोष्टी पाहिलेल्या गोष्टींना खेटून येतात. तरी दरबारी सफाईपेक्षा हा कच्चेपणा परवडला. बीजिंग सोडून ते प्रांतांत फिरतात तो उत्तरार्ध मात्र विरळ वाटतो.