कुष्ठरोगाच्या परिभाषेतील ‘शक्ती’ आणि ‘रिअ‍ॅक्शन’

रोगप्रतिकारक पेशींना सैनिकांची उपमा देण्याचा प्रघात मराठी आरोग्यलेखनात इतका रूढ झाला आहे की, ती उपमा आहे याचेच विस्मरण पडावे. तिच्या जोडीला ‘रोगप्रतिकारक शक्ती’ हा शब्दप्रयोग येतो. ‘शक्ती’ म्हटली की ती जितकी अधिक तितकी बरी, हा अर्थ भाषेनेच पदरात टाकला. कुष्ठरोगाच्या बाबतीत हा अर्थ तपासणे अगत्याचे आहे. कारण तेथे तो रुग्णाच्या हातापायांवर बेततो.

कुष्ठरोगात त्वचा व मज्जातंतू यांत ग्रॅन्युलोमा तयार होतात. त्यासाठी ‘कणिकार्बुद’ असा संस्कृत शब्द सहज घडविता येईल. पण ‘अर्बुद’ म्हणताच कर्करोगाची शंका येते. (मूळ शब्दही या दोषापासून मुक्त नाही.) वस्तुतः भक्षक पेशी व लसिका पेशी यांनी जंतूंभोवती घातलेला तो वेढा होय. १८८२ मध्ये मेच्निकॉफने मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसला, तेव्हा दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी जमलेल्या त्यास दिसल्या. पूर्णाकाठच्या येलदरीत पायात बाभळीचा काटा मोडलेल्या शेतकऱ्यास ही कल्पना परकी वाटू नये. ‘कुरूप’ हा शब्द त्याच्यापाशी आहेच. वैद्यकदृष्ट्या कुरूप म्हणजे निबर झालेली कातडी, ग्रॅन्युलोमा नव्हे. तथापि न निघणाऱ्या वस्तूभोवती शरीर गाठ बांधते ही जाण त्या शब्दात आहे. ‘सैनिका’त ती नाही.

१९६६ च्या रिड्ली व जॉप्लिंग यांच्या वर्गीकरणात या पेशींचे वर्तन हीच निदानाची कसोटी ठरली. त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता एका टोकाला सुघटित ग्रॅन्युलोमा व अत्यल्प जंतू आढळतात; दुसऱ्या टोकाला भक्षक पेशी जंतूंनी गच्च भरलेल्या असून लसिका पेशी विरळ असतात. ‘शक्ती’च्या हिशेबाने पहिला रुग्ण भाग्यवान, परंतु त्याच्याच मज्जातंतूंना इजा लवकर होते, आणि ती करतात या पेशीच.

खरा घोटाळा उपचारात होतो. बहुऔषधोपचार चालू असतानाही या पेशी एकाएकी चेतविल्या जाऊन जुने चट्टे लाल होतात, सुजतात, मज्जातंतू दुखू लागतो. वैद्यक यास ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणते. मराठीत मात्र ‘रिअ‍ॅक्शन आली’ याचा एकच अर्थ रूढ आहे : औषध बाधले. तो अर्थ घेऊन रुग्णाने गोळ्या सोडल्या तर त्यास अडाणी म्हणता येणार नाही. शब्दानेच त्यास तसे सांगितले. पुढे प्रेडनिसोलोन दिले जाते, ते पेशींचा दाह आवरण्यासाठी. ‘शक्ती वाढवा’ असे ऐकत आलेल्यास शक्ती आवरणारे औषध पटावे कसे? त्यापेक्षा ‘चट्टे उठले’ हा बोलीतला प्रयोग बरा. त्यात दोष औषधावर जात नाही, आणि जंतूंवरील गोळ्या चालू ठेवून सुजेवरच्या गोळ्या त्यांच्या जोडीला घ्यावयाच्या, हे एका वाक्यात सांगता येते.