मुठीवरचा ‘राक्षस’

बाली बेटावरच्या एका क्रिस खंजिराच्या लाकडी मुठीखाली चिठ्ठी होती : ‘राक्षस’. बटबटीत डोळे आणि बाहेर आलेले सुळे, एवढ्यावर हा निवाडा झालेला. मला तो मान्य नाही. बालीत उग्र देवांनाही सुळे असतात.

खरा पुरावा अंगठ्यापाशी आहे. तिथे लांब, वाकडे नख कोरले आहे. तिकडे त्याला ‘पंचनक’ म्हणतात. वायांगमध्ये, म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळात, हे नख भीमाला असते, हनुमानाला असते आणि या दोघांचा पिता बायु, म्हणजे आपला वायू, त्यालाही असते. नखावरून घराणे कळते, व्यक्ती नव्हे. घोटाळा होतो तो इथेच. नख दिसले की लोक ‘भीम’ म्हणून मोकळे होतात. हा मोह मी समजू शकतो. मध्य जावातल्या सुकुह या पंधराव्या शतकातील मंदिरात लोहारकामाचे शिल्प आहे. शस्त्र घडवणारा भीम, भाता चालवणारा अर्जुन, मध्ये नाचणारा गणपती, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. भीमाचे खंजिराशी नाते जुनेच.

पण भीमाचा अंबाडा कोळंबीच्या नांगीसारखा वर वळलेला असतो. या आकृतीच्या डोक्यावर रत्नजडित मुकुट आहे. वानरमुख नाही, शेपूट नाही. म्हणजे हनुमानही बाद. उरतो वायू. हातातले भांडे अमृताचे असेल तर तेही जुळते. त्यावर मात्र मी भर देत नाही. धरणाऱ्यांच्या तळव्यांनी ते अर्धे झिजवले आहे.