मोरिएची ग्रेनेडिअर-चित्रे : पुरावा व मर्यादा

अठराव्या शतकातील ब्रिटिश पायदळाच्या गणवेशाविषयी लिहिताना डेव्हिड मोरिए याच्या चित्रमालेचा आधार घेण्याचा प्रघात आहे. कंबरलंडच्या ड्यूकच्या आश्रयाखाली या स्विस चित्रकाराने १७५१ नंतरच्या दशकात ही चित्रे काढली. आज ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत. त्यांचे मोल निर्विवाद आहे. परंतु ती नेमका कशाचा पुरावा देतात, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

या चित्रांच्या मागे १ जुलै १७५१ चा राजाचा हुकूम आहे. तोवर पलटण सामान्यतः तिच्या कर्नलच्या नावाने ओळखली जाई. १७४६ साली कलोडनला लढलेली 'बॅरेलची पलटण' हीच पुढे चौथी पलटण म्हणून प्रसिद्धीस आली. कर्नलने आपले कुलचिन्ह शिपायाच्या पोशाखावर मिरवू नये व निशाणावर पलटणीचा क्रमांक असावा, असे या हुकुमाने ठरविले. लाल डगला सर्वांचा सारखा असे. छातीवर व बाह्यांवर उलटून दाखविलेल्या अस्तराचा रंग मात्र पलटणीगणिक निराळा असे. सैन्य कर्नलचे की राजाचे, हा जुना वाद या रंगव्यवस्थेत गुंतलेला होता.

मोरिएची चित्रे पाहता तो वाद पूर्णपणे मिटला असे वाटते. वस्तुस्थिती तशी नव्हती. पोशाखाची खरेदी कर्नलच्याच हाती राहिली. शिपायांच्या पगारातून कापलेल्या रकमेतून तो कपडे करवी व शिल्लक स्वतःकडे ठेवी. नवा डगला वर्षाकाठी एकच मिळे आणि जुना बेतून त्याची बंडी करीत. चित्रांतील कोऱ्या करकरीत कापडावर या व्यवहाराची खूणही आढळत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, या मालेत मुख्यतः ग्रेनेडिअर दिसतात. दहा कंपन्यांच्या बटालियनमध्ये त्यांची कंपनी एकच होती, आणि भरतकामाची उंच टोपी तिच्यापुरतीच होती. उरलेल्या नऊ कंपन्यांचे शिपाई तिकोनी टोपी घालीत. ही चित्रे पाहून सबंध पलटणीचे रूप ठरविणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तथापि प्रत्येक पलटणीच्या फितीची विणकर मोरिएने ज्या काळजीने टिपली आहे, तिचा तपशील हुकुमात मिळत नाही. तेवढ्यापुरती ही चित्रे अव्वल दर्जाचे साधन होत. शिपायाच्या अंगावर प्रत्यक्षात काय होते, हे जाणण्यासाठी मात्र अभ्यासकाने पलटणींच्या हिशेबवह्यांकडेच वळले पाहिजे.