‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या ॲनिमेटेड मालिकेतील पिता-पुत्र संबंध

ॲनिमेटेड मालिका म्हणजे बालकांच्या करमणुकीचे साधन, हा समज मराठी समीक्षेतून अद्याप पुरता गेलेला नाही. बालसाहित्याच्या वाट्याला जी उपेक्षा आली तीच, किंबहुना काहीशी अधिक, या माध्यमाच्या वाट्याला आली आहे. वस्तुतः पित्याकडून पुत्रावर होणाऱ्या अन्यायासारखा अवघड विषय या माध्यमाने कित्येकदा मोठ्यांच्या कौटुंबिक मालिकांपेक्षा अधिक धीटपणे हाताळला आहे. मायकेल दान्ते दिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को यांनी निर्माण केलेली ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका या दृष्टीने अभ्यासनीय ठरते. तीन पर्वे आणि ६१ भागांची ही मालिका अमेरिकेतील निकलोडियन वाहिनीवर २००५ ते २००८ या काळात प्रसारित झाली.

मालिकेचे कल्पित जग जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चार तत्त्वांनुसार विभागलेले आहे. अग्निराष्ट्राने शंभर वर्षे चालविलेले युद्ध ही कथेची पार्श्वभूमी होय. आंग हा बालवयीन अवतार मालिकेचा नायक असला, तरी तिचा भावनिक भार मुख्यतः त्याचा पाठलाग करणाऱ्या झुको या राजपुत्रावर आहे. अग्निराष्ट्राचा अधिपती ओझाई हा झुकोचा पिता. त्याने पुत्राचा चेहरा जाळून त्याला हद्दपार केले आहे आणि शंभर वर्षांत कोणालाही न दिसलेल्या अवताराला पकडून आणल्याशिवाय परत येऊ नये, अशी अट घातली आहे. अट अशक्यप्राय आहे हे सर्वांना कळते. एकट्या झुकोला ते मान्य करावयाचे नाही. ‘माझी प्रतिष्ठा’ हे शब्द तो वारंवार उच्चारतो, परंतु त्या प्रतिष्ठेची व्याख्या पित्याने केलेली आहे.

या शिक्षेचे कारण पहिल्या पर्वातील ‘द स्टॉर्म’ या भागात उलगडते. तेरा वर्षांचा झुको युद्धसभेत बसण्याचा हट्ट धरतो. एक सेनानी नव्याने भरती झालेल्या तरुण सैनिकांची ४१ वी तुकडी शत्रूपुढे आमिष म्हणून टाकण्याची योजना मांडतो. झुको उठून विरोध करतो. या उद्धटपणाबद्दल त्याला ‘अग्नी काई’ हे द्वंद्वयुद्ध स्वीकारावे लागते. समोर तो सेनानी असेल अशी त्याची समजूत असते. पण सभा अधिपतीची, म्हणून अपमानही अधिपतीचाच, आणि समोर उभा राहतो तो पिता. झुको लढत नाही. तो गुडघे टेकून क्षमा मागतो आणि त्याच स्थितीत ओझाई त्याचा चेहरा भाजतो. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की झुकोचा मूळ अपराध घरगुती नाही. दुसऱ्यांच्या मुलांचा बळी देऊ नये, एवढेच तो म्हणाला होता. घर आणि राज्य यांना जोडणारा हा धागा मालिकेने शेवटपर्यंत सुटू दिलेला नाही.

भारतीय वाचकाला येथे ययातीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पित्याच्या उपभोगासाठी पुरू आपले तारुण्य देतो आणि त्याला राज्य मिळते. नकार देणारे पुत्र शापित होतात. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीमुळे ही कथा मराठी मनात खोलवर रुजली आहे. झुकोच्या घराण्यातही तरुणांचे आयुष्य मागण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दिसते. बा सिंग से या नगरीला ६०० दिवस वेढा घालणाऱ्या आयरोचा, म्हणजे झुकोच्या काकाचा, एकुलता पुत्र लू टेन त्या वेढ्यात मारला जातो. भावाच्या या दुःखाचे निमित्त साधून ओझाई पित्याकडे वारसाहक्क मागतो, तेव्हा वृद्ध अझुलॉन संतापून, ज्येष्ठ पुत्र गमावण्याची वेदना तूही भोग, असे त्याला फर्मावतो. या घरात पुत्र ही शिक्षा देण्याची आणि भोगण्याची वस्तू आहे.

दिग्दर्शनातील एक युक्ती येथे नोंदविणे आवश्यक आहे. पहिली दोन पर्वे ओझाईचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. तो ज्वाळांमागे किंवा सावलीत राहतो. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात, झुको ‘विजयी’ होऊन परततो तेव्हा, तो चेहरा प्रथमच स्पष्ट दिसतो, आणि तो कोणत्याही राक्षसाचा नसून एका देखण्या, शांत पुरुषाचा आहे. ज्याच्या एका दृष्टिक्षेपासाठी पुत्राने तीन वर्षे समुद्र पालथे घातले, तो पिता त्याला अभिमानाचे शब्द ऐकवतो. मात्र हे कौतुक असत्यावर उभे आहे. अवताराला आपण मारल्याचे श्रेय अझुलाने, म्हणजे झुकोच्या धाकट्या बहिणीने, त्याच्या नावावर मांडले आहे.

मालिकेचे खरे सामर्थ्य येथून पुढे दिसते. पित्याची मान्यता न मिळाल्याने झुरणारा पुत्र साहित्याला नवा नाही. ती मिळाल्यावर पुत्राचे काय होते, हा प्रश्न क्वचितच कोणी इतक्या सावकाश तपासला असेल. ‘नाइटमेअर्स अँड डेड्रीम्स’ या भागात झुको पुन्हा युद्धसभेला जातो. या वेळी त्याची वाट पाहिली जाते आणि त्याला पित्याच्या उजव्या हाताला बसविले जाते. बाहेर आल्यावर तो मे या आपल्या मैत्रिणीला सांगतो, की पित्याला हवा तसा मुलगा तो त्या सभेत झाला होता, पण तो स्वतः तेथे नव्हता. सभेत नेमके काय ठरले हे अंतिम भागांत कळते. येणाऱ्या धूमकेतूच्या बळावर संपूर्ण पृथ्वीराज्य जाळण्याचा तो बेत होता. तेरा वर्षांचा मुलगा एका तुकडीसाठी बोलला आणि भाजला गेला. सोळा वर्षांचा युवराज एका राष्ट्राच्या संहारापुढे गप्प बसला आणि गौरविला गेला. पितृप्रेमाची किंमत किती, याचे यापेक्षा नेमके मोजमाप मालिकेत अन्यत्र नाही.

म्हणूनच सूर्यग्रहणाच्या दिवशी झुको पित्यासमोर उभा राहतो तेव्हा तो प्रेमाची मागणी करत नाही. तेरा वर्षांच्या मुलाशी द्वंद्व करणे क्रूर आणि चूक होते, एवढे तो स्पष्ट शब्दांत सांगतो. ओझाई त्याच्यावर वीज सोडतो. झुको ती अंगातून वळवून परत फेकतो. ही विद्या त्याला काकाने शिकविलेली असते. पित्याचा आघात आणि पालनकर्त्याची शिकवण एकाच शरीरातून वाहतात. पुढे ‘द बॉइलिंग रॉक’ या भागांत हाच झुको सोकाबरोबर त्याच्या पित्याला, हकोडाला, तुरुंगातून सोडविण्याच्या मोहिमेवर जातो. स्वतःच्या पित्याशी नाते तोडलेला मुलगा दुसऱ्याला त्याचा पिता मिळवून देतो, आणि पटकथा त्यावर एका शब्दाचेही भाष्य करत नाही, हा संयम दाद देण्याजोगा आहे.

आयरोला ‘आदर्श पित्या’चे स्थान देण्याची प्रवृत्ती या मालिकेच्या चाहत्यांत आढळते. ती पूर्णतः ग्राह्य नाही. त्या द्वंद्वाच्या वेळी तो प्रेक्षकांत होता आणि त्याने नजर फिरविली होती, थांबविले नव्हते. परकी नगरी जिंकण्यासाठी त्यानेही दुसऱ्यांची मुले मारली असणार. त्याचे वात्सल्य पश्चात्तापातून आलेले आहे, म्हणूनच ते विश्वसनीय वाटते. बा सिंग से येथे त्याचा विश्वासघात केलेला झुको अखेरीस क्षमा मागू लागतो, तेव्हा वाक्य पुरे होण्याआधीच आयरो त्याला मिठीत घेतो. गुडघे टेकून क्षमा मागणाऱ्या मुलाला पित्याने दिलेल्या उत्तराशेजारी हे दृश्य ठेवून पाहावे.

मालिकेत उणिवाही आहेत. ओझाई असा का झाला याचा शोध घेतला जात नाही. तो शेवटपर्यंत एकरंगी राहतो. अधिक गंभीर उणीव अझुलाच्या बाबतीत आहे. वेढ्यावरून आयरोने झुकोला खंजीर पाठविला आणि अझुलाला बाहुली. तिने ती जाळली. पित्याची लाडकी म्हणून वाढलेल्या या मुलीला त्याने अखेरीस मागे ठेवले, तेव्हा ती कोलमडते. पण तिच्याजवळ वाट पाहणारा काका नाही. पुत्राच्या मुक्तीसाठी मालिकेने जी सहानुभूती खर्च केली, तिचा अल्पांशही कन्येच्या वाट्याला आलेला नाही.

२०२४ मध्ये नेटफ्लिक्सने प्रसिद्ध केलेल्या मानवी अभिनेत्यांच्या रूपांतरात द्वंद्वाचा प्रसंग बदलण्यात आला. तेथे झुको पित्याशी लढतो आणि मोक्याच्या क्षणी कचरतो. त्याच्या जहाजावरील खलाशी म्हणजे तीच वाचलेली ४१ वी तुकडी, ही भर निश्चितच हृद्य आहे; परंतु मुलाला लढायला लावल्याने शिक्षेला ‘दुबळेपणा’चे निमित्त मिळते. मूळ प्रसंगात तसे कोणतेच निमित्त नव्हते, आणि त्याची भयानकता त्यातच होती.

मूळ मालिकेच्या अखेरच्या भागात राज्याभिषेक झालेला झुको तुरुंगातील शक्तिहीन पित्याला भेटतो. समेट घडत नाही, सूडही घेतला जात नाही. एकेकाळी ज्याच्याकडून त्याला आपल्या अस्तित्वाचा अर्थ हवा होता, त्याच्याकडे तो आता एक माहिती मागतो : आई कोठे आहे? दृश्य तेथेच तुटते.