गर्भचाचणीचा संच : जास्तीचे पैसे कशाचे?

औषधांच्या दुकानात घरच्या घरी गर्भधारणा ओळखण्याचे संच मिळतात. साधी कागदी पट्टी स्वस्त, प्लॅस्टिकच्या दांडीत बसवलेली महाग आणि पडद्यावर शब्दांत उत्तर देणारा ‘डिजिटल’ संच त्याहून महाग. वेष्टनावर मात्र बहुधा एकच दावा असतो : ९९ टक्के अचूक. हा दावा तपासून पाहायला हवा.

तिन्हींचे तत्त्व एकच आहे. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागला की ‘एचसीजी’ हे संप्रेरक तयार होऊन मूत्रात उतरते. पट्टीवरच्या प्रतिपिंडांना रंगीत सूक्ष्मकण जोडलेले असतात. ती एचसीजीला पकडतात आणि ही जोडी पुढे पक्क्या बसवलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांत अडकते. तेथे रेघ उमटते. दुसरी, नियंत्रक रेघ फक्त चाचणी नीट झाल्याचे सांगते. डिजिटल संचातही अशीच पट्टी असते. रेघ डोळ्यांऐवजी प्रकाशसंवेदक वाचतो. फिकट रेघेचा संभ्रम टळतो, ही सोय खरी. पण रसायन तेच.

खरा फरक संवेदनशीलतेचा. अनेक साध्या पट्ट्या दर मिलिलिटरला २५ मिलि-एकके एचसीजी ओळखतात, तर काही संच १० च्या आसपासही. सुरुवातीच्या दिवसांत एचसीजी साधारण दोन दिवसांत दुप्पट होते. या हिशेबाने १० चे २५ व्हायला अडीच-तीन दिवस पुरतात. म्हणजे अधिक संवेदनशील संच जे देतो, ते स्वस्त पट्टी तीन दिवस थांबल्यावर देते.

शिवाय गर्भ रुजलाच नसेल तर कोणताही संच काय ओळखणार? अमेरिकेत विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशी सुमारे १० टक्के गर्भ रुजलेलेच नसतात. त्या दिवशी कोणताही संच ९० टक्क्यांच्या फारसा पुढे जाऊ शकत नाही. प्रयोगशाळेत एचसीजीचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यांवर मिळालेले ९९ टक्के घरातल्या चाचणीला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

हा केवळ आकड्यांचा वाद नाही. ‘नाही’ हे उत्तर अंतिम मानून एखादी स्त्री गर्भाला अपायकारक औषध घेईल किंवा तपासणी लांबवील. म्हणून पाळी आली नाही तर काही दिवसांनी, सकाळच्या पहिल्या मूत्राची, पुन्हा चाचणी करावी. उत्तर सूचनेतील वेळेतच वाचावे, कारण पट्टी वाळल्यावरही फसवी रेघ दिसू शकते. पोटात तीव्र दुखत असेल तर पट्टीवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. महाग संच एकदा वापरण्यापेक्षा स्वस्त पट्टी दोनदा वापरणे अधिक शहाणपणाचे. सरकारी योजनेतील ‘निश्चय’ संच आशा कार्यकर्तींमार्फत दिला जातो.

वरच्या वर्गांत एचसीजीच्या दुपटीचा आलेख जरूर काढून घ्यावा. मग विद्यार्थ्यांना विचारावे : ९९ टक्के, पण कोणत्या दिवशी आणि कोणत्या नमुन्यावर?